रूळ नसलेल्या ठिकाणी

किरुनात लोखंड चुलीपर्यंत आलेलं असतं.
खाणीत रात्री सुरुंग उडतो,
फडताळातले कप एकमेकांना हलकेच विचारून घेतात
आणि झोपलेलं गाव कूस बदलतं.
माझे वडील, त्यांचे वडील, याच डोंगराच्या पोटात गेले.
मी मात्र पगार घेते
लोखंड जवळ फिरकू न देण्याचा.

चुंबकमापी म्हणजे अंगठीएवढं कडं.
त्यावर तांब्याची तार, केसाहून बारीक,
गुनवोर मुक्कावारानं हातानं गुंडाळलेली.
चारशे बारा वेढे.
चारशे अकराव्याला हाक मारली तर ती ओ देत नाही;
एकदा संचालकांनाही दिली नव्हती.
कड्यात थोडं लोखंड आहे, निकेलात मुरवलेलं.
तेवढंच. बाकी सगळं सोवळं:
स्क्रू टायटॅनियमचे, जंगलातल्या झोपडीचे खिळे पितळी,
आणि बाहेर बर्फात एक परडी,
तिच्यात आम्ही उतरवून ठेवतो
पट्ट्याचं बक्कल, केसांतल्या पिना, हूक असलेलं सगळं.
नवा आलेला तॉर्केल लाजला,
मग त्याच्याच टाचेत पोलादाची पट्टी निघाली.

कारण हे कडं जिथे जायचं तिथे सूर्याचा वारा आहे.
वारा म्हणायचं एवढंच.
साखरेच्या खड्याएवढ्या जागेत मोजून पाच-सात कण,
अणू फाटून वेगळे झालेले,
धन इकडे, ऋण तिकडे,
तरी ओढ न सुटलेले.
त्यांच्याबरोबर वाहत येणारं चुंबकत्व
होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या बळाच्या
दहा हजारांत एक भाग.
तेवढंसं ऐकायचं तर आधी आपण गप्प बसायला हवं.
स्क्रूंसकट.

त्या डिसेंबरात आम्ही गप्प बसलो
आणि नोंदीत फुगवटा उठला.
मंद, लांबट, साडेचार मिनिटांचा.
येई, जाई, तासांनी पुन्हा येई.
उणे एकतीस अंशांत तीन रात्री झोपडी पिंजून काढली.
तॉर्केलनं स्वतःची दाढ तपासून घेतली.
चौथ्या रात्री गुनवोर बाहेर जाऊन
परडीतलं घड्याळ बघून आली.
"हा एस्किल आहे," म्हणाली.

एस्किल तिचा धाकटा भाऊ. इंजिन चालवतो.
अडुसष्ट डबे खनिज, नार्विकच्या बंदराकडे.
खाणीपायी शहर सरकलं तेव्हा रूळही सरकले,
आमच्या जंगलाच्या कडेपर्यंत.

मग तोच आम्हाला शांतता पुरवू लागला.
वळण पार झालं की फोन करायचा.
फोन दूर, स्लेजवर, रेनडिअरच्या कातड्यात गुंडाळलेला.
गुनवोर पळत जायची.
तो म्हणायचा, "गेलो."
ती म्हणायची, "बरं."
आईच्या घराच्या वाटणीपासून
सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं,
हे मला फार उशिरा कळलं.
एकोणीस रात्री.
एकोणीस गेलो, एकोणीस बरं,
आणि मधल्या शांततेत आम्ही कडं जुळवून घेतलं.

यान सुटलं. साडेतीन वर्षांनी दांडा उलगडला.
आमचं कडं यानापासून सहा मीटर लांब,
त्याच्या लोखंडापासूनही सुटलेलं.
दुसऱ्याच दिवशी नोंदीत फुगवटा.
मंद, लांबट.
ब्राउनश्वाइगहून विचारणा: हे तुमचं यंत्र, की खरंच काही?
सवयीनं माझा हात भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेला,
मालगाड्यांच्या.

गुनवोर आता निवृत्त.
त्या दिवशी वेलचीचे बन घेऊन आली होती.
पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली,
बोटांवर पिठीसाखर तशीच.
"तिकडे रूळ नाहीत," ती म्हणाली.

मग फोन घेऊन बाहेर गेली, बर्फात,
इथे आत चालतो हे विसरून.
एस्किललाच लावला असणार.
दार नीट लागलं नव्हतं.
"बरं," एवढं ऐकू आलं,
आणि थोड्या वेळानं, "नाही, ठेवू नकोस."